सोळा आण्यांची जमीन, पन्नास पैशांचं पीक

खरिपाची पैसेवारी, म्हणजे पूर्ण पीक शंभर पैसे धरून यंदा त्यातले किती पैसे पीक आलं याचा गावाचा सरकारी आकडा, जाहीर झाली की गावोगाव एकच तक्रार ऐकू येते. बाजरी करपली, कापूस जेमतेम आला, तूर बरी आहे. मग सगळ्या गावाला मिळून एकच आकडा कसा? बावन्न पैसे म्हणजे कुणाचे बावन्न? बाजरीवाल्याचे की तूरवाल्याचे? प्रश्न अगदी रास्त आहे. पन्नासच्या खाली आकडा गेला तर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या कामांचे निकष सैल, गरज असेल तिथे टँकर. वर राहिला तर पैसेवारीच्या आधारे यातलं काहीच नाही.

वेगवेगळ्या गोष्टी एका मापानं मोजता येतात का, हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न. आपल्याकडे तो दोनशे वर्षं शेताच्या बांधावर सोडवला जातोय, आधी जमिनीच्या बाबतीत आणि मग पिकाच्या. दोन्हीकडे माप आण्यांचं होतं. काय जमलं, काय फसलं आणि का, हे त्यातून फार स्पष्ट दिसतं. म्हणून जमिनीपासून सुरुवात करतो.

पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारपुढे प्रश्न होता की कुठल्या शेतावर किती शेतसारा बसवायचा. मराठा अमदानीत जमिनीची अव्वल, दूम, सीम अशी प्रत लावण्याची रीत होतीच. पण कंपनी सरकारला नेमका आकडा हवा होता. १८२४ ते १८२८ या काळात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्यानं पुणे भागात मोजणी केली. त्याची पद्धत कागदावर निर्दोष होती. शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची, त्या प्रतीत कोणतं पीक किती येतं ते काढायचं, बियाणं, बैल, मजुरी असा सगळा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे. म्हणजे काळी, तांबडी, मुरमाड, सगळी जमीन शेवटी रुपयांत आणायची.

ही पद्धत कोसळली. हाताखालच्या अंमलदारांची लाचखोरी आणि जुलूम हे कारण इतिहासात नेहमी सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. त्या काळात धान्याचे भावही पडले. पण हिशेबातच एक दोष होता, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. समजा, एका शेताचं ढोबळ उत्पन्न १०० रुपये आणि खर्च ८० रुपये. निव्वळ २० उरले. आता उत्पन्नाचा अंदाज फक्त दहा टक्क्यांनी चुकून ११० धरला गेला. खर्च तोच, ८०. निव्वळ झालं ३०. अंदाज चुकला दहा टक्क्यांनी, सारा वाढला पन्नास टक्क्यांनी. दोन मोठ्या अंदाजांची वजाबाकी करून जो लहान आकडा उरतो त्याच्यात दोघांच्याही चुका येऊन साठतात. खर्चाचा अंदाज तर आणखी कच्चा, कारण घरचे बैल, घरची माणसं आणि घरचं शेणखत यांना भाव लावायचा तरी कुठला? अनेक गावांत लोकांनी जमिनी टाकल्या आणि निघून गेले.

मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून पुन्हा सुरुवात केली. त्या अनुभवातून पक्के झालेले नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात आले. तिसरी सही डेव्हिडसनची. त्यांचा मोठेपणा मला असा वाटतो की त्यांनी प्रिंगलचा प्रश्नच सोडून दिला. हे शेत किती रुपये पिकवतं, हे त्यांनी विचारलं नाही. शेजारच्या शेताच्या मानानं हे शेत किती चांगलं, एवढंच विचारलं. सगळ्यात चांगली जमीन सोळा आणे, बाकीच्या तिच्या मानानं कमी. रुपये नंतर, वेगळ्या वाटेनं आले.

पद्धत अशी. शेताचा हातनकाशा काढून त्याचे साधारण सारखे भाग पाडायचे. प्रत्येक भागात खड्डा घ्यायचा. माती हातात घेऊन तीन वर्गांपैकी एकात घालायची: पहिला वर्ग बारीक, एकसारख्या पोताची, काळी ते गडद तपकिरी, दुसरा त्याहून भरड आणि फिकट, बऱ्याचदा तांबूस, तिसरा खडेमिश्रित किंवा भुसभुशीत, फिकी किंवा राखाडी. मग मुरूम किंवा खडक लागेपर्यंतची खोली हातात मोजायची. एक हात म्हणजे सुमारे १८ इंच.

पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असेल तर १६ आणे, दीड हात १४, सव्वा हात १२, एक हात १०, पाऊण हात ८, अर्धा हात ६, पाव हात साडेचार. दुसऱ्या वर्गाची माती तेवढ्याच खोलीला एक पायरी खाली, म्हणजे पावणेदोन हाताला १४ आणे आणि तिथून उतरत पाव हाताला ३. तिसरा वर्ग एक हात खोल असला तरी ६ आण्यांच्या वर जात नाही, आणि पाव हात असला की २ आणे. अशा एकूण नऊ प्रती: १६, १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३, २.

त्यानंतर दोष. चुनखडीचे खडे, रेतीची भेसळ, उतार, मातीला धर नसणं, पाणी न मुरणं, वाहत्या पाण्यानं माती धुपण्याचा धोका, पाणी साचणं असे सात दोष धरले होते. प्रत्येक दोषाची नकाशावर वेगळी खूण, आणि प्रत्येक खुणेमागे प्रत एक पायरी खाली.

एक उदाहरण घेऊ. बारा एकरांचं शेत, पाच भाग. पहिल्यात पहिल्या वर्गाची माती दीड हात: १४. दुसऱ्यात तीच सव्वा हात, पण चुनखड, म्हणून १२ वरून १०. तिसऱ्यात दुसऱ्या वर्गाची एक हात: ८. चौथ्यात दुसऱ्या वर्गाची पाऊण हात: ६. पाचव्यात तशीच पाऊण हात, पण उताराची: साडेचार. बेरीज साडेबेचाळीस, भागिले पाच, साडेआठ आणे. त्या गावाला सोळा आणी एकराचा दर एक रुपया असेल तर साडेआठ गुणिले बारा, म्हणजे १०२ आणे, ६ रुपये ६ आणे आकार, म्हणजे त्या शेताचा सारा.

हा एकराचा दर मातीवरून येत नसे. तालुक्याचा मागच्या अनेक वर्षांचा वसूल, लागवड किती वाढली किंवा घटली, भाव काय होते, हे बघून तो ठरे. मग हवामान, शेतीची रीत आणि बाजारपेठेचं अंतर बघून गावांचे गट पाडत आणि प्रत्येक गटाला वेगळा कमाल दर लावत. म्हणजे माती आणि माती यांची तुलना आण्यांत; गाव आणि गाव यांची तुलना दरात. एका मापात दोन वेगळी कामं कोंबली नाहीत. जाहीर झालेला आकार साधारण तीस वर्षं बदलत नसे. सातबाऱ्यावर आजही दिसणारा रुपये-पैशांतला आकार याच घराण्यातला आहे. बऱ्याच गावांच्या जुन्या क्लासर रजिस्टरात कुठल्या भागाला किती आणे लागले ते बघायला मिळतं. जमीन घेण्याआधी तेवढं जरूर बघावं. पोटखराबा (लागवडीलायक नसलेला भाग) वगळून एकरी आकार काढला तर शेजारच्या गटांच्या मानानं जमीन कशी आहे याचा अंदाज येतो. पण तुलना त्याच गावात करावी. दुसऱ्या तालुक्यातला आकार शेजारी ठेवला तर आकडा फसवतो, कारण तिथला दरच वेगळा.

या पट्टीत एक गोष्ट दडलेली आहे. दोष एकच, पण त्याची किंमत सगळीकडे सारखी नाही. सोळा आणी जमिनीला उतार लागला की ती चौदावर येते, साडेबारा टक्के घट. सहा आणी जमिनीला तोच उतार लागला की साडेचार, म्हणजे पंचवीस टक्के. साडेचारवरून तीनवर आली तर तेहेतीस टक्के. हे अन्यायाचं वाटेल, पण शेतीच्या दृष्टीनं त्यात तथ्य आहे. पाव हात मातीच्या शेताला उतार असेल तर दोन जोरदार पावसांत मुरूम उघडा पडतो. पावणेदोन हात माती असेल तर धूप होऊनही बरंच उरतं. दर दोषामागे ठरावीक आणे कमी करण्याऐवजी एक पायरी खाली, हा नियम ज्यानं कुणी सुचवला त्याला माती कळत होती.

पट्टीच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या. पावणेदोन हातांपुढची खोली ती मोजतच नाही. कोरडवाहू जमिनीसाठी, ज्वारी-बाजरीच्या मुलखासाठी ती बनवलेली. पाऊस संपल्यावर मातीनं किती दिवस ओल धरून ठेवावी, हाच तिचा खरा प्रश्न होता आणि खोल काळी माती त्यात पहिली येते. कोकणातल्या भातखाचरांना ती जशीच्या तशी लावता येईना, म्हणून तिथे मातीबरोबर पाण्याच्या सोयीला वेगळे आणे दिले गेले. बागायतीत मोटस्थळ (विहिरीवर मोटेनं भिजणारी जमीन) आणि पाटस्थळ (पाटाच्या पाण्यावरची) यांचे हिशेब निराळे ठेवावे लागले.

पुढे कालवे आले, ठिबक आलं, आणि क्रम काही ठिकाणी उलटाच झाला. सोळा आणी काळ्या जमिनीला पाटाचं पाणी बेसुमार दिलं आणि निचऱ्याची सोय केली नाही की क्षार वर येतात. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी चोपण झालेल्या अशा जमिनी भरपूर आहेत. उलट सांगोल्याकडच्या हलक्या मुरमाड जमिनी, ज्यांना जुन्या पट्टीवर जेमतेम तीन-चार आणे मिळतील, तिथे डाळिंब उत्तम येतं, कारण डाळिंबाला मुळांशी पाणी थांबलेलं सोसत नाही. माती बदललेली नाही. विचारलेला प्रश्न बदलला. पट्टी बनवताना जो प्रश्न मनात होता तो पट्टीच्या पोटात राहतो आणि नवा प्रश्न घेऊन तिच्याकडे गेलात तर ती जुन्याचंच उत्तर देते.

भावाभावांच्या वाटणीत ही आण्यांची रीत आजही फार उपयोगी आहे. तिघा भावांची तीन शेतं धरू. मळा ४० गुंठे, १४ आण्यांचा. मधलं शेत ६० गुंठे, ८ आण्यांचं. माळ ८० गुंठे, ५ आण्यांचा. बहुतेक घरांत प्रत्येक शेताचे तीन तुकडे पाडतात, कारण त्यात भांडण नाही. पण नऊ तुकडे, नऊ बांध आणि प्रत्येक तुकड्याला वाट हवी. दुसरी रीत अशी की गुंठे गुणिले आणे करायचं. मळा ५६०, मधलं ४८०, माळ ४००. एकूण १४४०, तिघांत प्रत्येकी ४८०. मधलं शेत एकाला बरोबर पुरतं. मळा घेणाऱ्याकडे ८० जास्त, माळ घेणाऱ्याला ८० कमी. हे ८० मळ्यातून द्यायचे तर १४ नं भागा: ५ गुंठे आणि साडेअकरा आण्यांच्या आसपास. (गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, त्याचेही सोळा आणेच.)

हा पाच-सहा गुंठ्यांचा पट्टा दिला तर तुकडा होतो. ना त्यात औत फिरतं, ना तुकडेबंदी कायद्यात तो बसतो. म्हणून फरक जमिनीत न देता पैशांत किंवा पाण्याच्या पाळीत द्यावा. १९४७ च्या याच कायद्यातल्या एकत्रीकरणाच्या भागानंही हीच वाट धरली: अदलाबदलीत कमी किमतीची जमीन ज्याच्या वाट्याला येईल त्याला भरपाई. विहीर, घर, आंब्याची झाडं आणि रस्त्याकडेची बाजू मात्र आण्यांच्या हिशेबात घालू नये. विहिरीला पाळी लावावी, तास ठरवून आणि पाइपलाइनच्या दुरुस्तीचा वाटा लिहून. झाडांच्या उत्पन्नाचे हिस्से वेगळे लिहावेत. रस्त्याकडेच्या जमिनीला बिगरशेतीची किंमत येते आणि ती मातीच्या प्रतीवर चालत नाही. तिचा निर्णय स्वतंत्र करावा. हे सगळं एका आकड्यात ओढलं की दहा वर्षांनी तो आकडा कुणालाच पटत नाही आणि मोडून बघायला आतले भाग लिहिलेले नसतात.

आणे ठरवताना खड्डे तिघांच्या समोर घ्यावेत, प्रत्येक शेतात निदान चार, आणि बांधापासून आत. बांधाजवळ माती साठलेली असते, खोली खोटी जास्त दिसते. आणे लावून झाल्यावर मगच कुणाला काय हे ठरवावं, चिठ्ठ्या टाकून. कोणतं शेत आपल्याला मिळणार हे आधी ठाऊक असेल तर प्रत सरळ लागत नाही.

आता पीक. पिकाची आणेवारीही सोळा आण्यांचीच होती. नाणी दशमान झाल्यावर ती पैशांत आली. १९१८ चा गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याचा सत्याग्रह याच आकड्यावरून झाला. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा मुंबई इलाख्याचा नियम होता. सरकारी आकडेवारी म्हणत होती की पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत होते खाली. भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर यांनी आधीच परिस्थिती पाहून अहवाल तयार केला होता. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की चार आण्यांच्या नियमावर कुणाचाच आक्षेप नव्हता. भांडण होतं ते अंदाज कुणी आणि कसा करायचा यावर.

आज सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम, असा खरिपाचा क्रम असतो. गावच्या समितीत महसूल आणि कृषी खात्याची माणसं, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), सरपंच, काही शेतकरी. हलकी, मध्यम, भारी अशा जमिनींतून शेतं निवडून कापणी प्रयोग घेतात. बऱ्याच पिकांना प्रयोगाचं क्षेत्र १० मीटर बाय ५ मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तिथलं वजन गुणिले २०० म्हणजे हेक्टरी उत्पन्न. त्याला प्रमाण उत्पन्नानं, म्हणजे त्या पिकाचं पूर्ण पीक म्हणून ठरवलेल्या हेक्टरी उत्पन्नानं, भागून शंभरनं गुणलं की पैसे.

आकडा किती नाजूक असतो ते बघा. बाजरीचं प्रमाण उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल धरू. प्रयोगात ३ किलो बाजरी निघाली, म्हणजे हेक्टरी ६ क्विंटल, बरोबर ५० पैसे. आता तीच कणसं नीट वाळवली नाहीत आणि वजन ३ किलो ३०० ग्रॅम भरलं: ५५ पैसे. किंवा दोरी ढिली राहून चौकट १० मीटर ३० सेंटिमीटर बाय ५ मीटर १५ सेंटिमीटर झाली. क्षेत्र सहा टक्के वाढलं, ५३ पैसे. दोरी ताणून, चारी खुंट्या काटकोनात, कर्ण तपासून (११ मीटर १८ सेंटिमीटर यायला हवा) आणि दाणे वाळल्यावर पुन्हा वजन, एवढी काळजी घेतली तरच या आकड्याला अर्थ. कडेच्या ताटांचं मूळ चौकटीत आहे की बाहेर, हे बघून ती धरायची किंवा सोडायची. कणीस आत झुकलंय म्हणून ते आत येत नाही.

कापसाचं आणखी अवघड. वेचण्या तीन-चार होतात आणि सगळ्यांची वजनं जोडावी लागतात. अंतिम पैसेवारीच्या वेळी तूर तर बहुधा शेतातच उभी असते.

इथपर्यंत तत्त्वाची अडचण मात्र नाही. बाजरीची तुलना कापसाशी केलेलीच नाही; बाजरीची पूर्ण पिकलेल्या बाजरीशी, कापसाची पूर्ण पिकलेल्या कापसाशी. प्रत्येक पिकाला स्वतःच्याच मापानं भागलं. किलो निघून गेले, उरलं प्रमाण. ही युक्ती उत्तम आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते, जेव्हा हे पैसे एकत्र करून गावाचा एक आकडा काढायचा असतो.

एक गाव धरू. बाजरी २५० हेक्टर, ३५ पैसे. कापूस १५० हेक्टर, ६० पैसे. तूर १०० हेक्टर, ७५ पैसे. क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी काढली तर ८७५० अधिक ९००० अधिक ७५००, भागिले ५००. साडेपन्नास पैसे. गाव सवलतीबाहेर. तुरीला ७५ ऐवजी ७० लावले, तर साडेएकोणपन्नास. गाव आत. बाजरीचं जे व्हायचं ते दोन्हीकडे तेवढंच झालंय.

आता क्षेत्राऐवजी रुपयांचं वजन देऊ. चांगल्या वर्षी हेक्टरी बाजरीचे २० हजार, कापसाचे ६० हजार, तुरीचे ५० हजार असं धरलं तर त्याच गावाचा आकडा ५७ पैशांच्या वर जातो, कारण पैशाचं पीक बरं आलंय. आणि घरात खायला धान्य किती आलं एवढंच विचारलं तर उत्तर ३५ च्या जवळ, कारण भाकरी बाजरीचीच. एकच गाव, तीच कापणी, तीन आकडे. यातला खरा कुठला? सारा माफ करायचा असेल तर क्षेत्राचं वजन योग्य, कारण सारा क्षेत्रावर असतो. कर्ज फेडण्याची ऐपत बघायची असेल तर रुपयांचं. रेशनचं धान्य किंवा चारा छावणीचा निर्णय असेल तर धान्याचं आणि कडब्याचं. पन्नास पैशांचा एकच आकडा या सगळ्या कामांना जुंपला जातो, आणि माझ्या मते खरी चूक तिथे आहे. वजनं कुणीतरी निवडलेली असतात. ती निवड गावाला दिसली पाहिजे, जाहीर होणाऱ्या यादीत पीकवार पैसे आणि पीकवार क्षेत्र छापलं पाहिजे. नुसत्या एका आकड्यावर हरकत तरी कशी घेणार?

छेदाकडेही तितकंच लक्ष हवं. प्रमाण उत्पन्न मागच्या वर्षांच्या सरासरीवरून काढलं आणि त्यात ओळीनं दुष्काळी वर्षं आली की सरासरी घसरते. प्रमाण १२ क्विंटलवरून ९ वर आलं तर हेक्टरी ५ क्विंटलची बाजरी ४२ पैशांवरून ५६ पैशांवर जाते. जितके जास्त दुष्काळ सोसले तितका या वर्षीचा दुष्काळ कागदावर कमी. कायम कोरडवाहू तालुक्यांच्या बाबतीत हे फार क्रूर आहे.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनं वेगळी वाट धरली आणि महाराष्ट्रानं ती २०१७ मध्ये स्वीकारली. आधी पाऊस किती कमी आणि खंड किती दिवसांचा, हे बघायचं. मग चार प्रकारचे परिणाम: पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतली ओल, धरणं आणि भूजल. चारांची बेरीज करायची नाही. त्यांपैकी कोणतेही तीन घेऊन ते काय सांगतात हे बघायचं, आणि मग तालुक्यातली दहा टक्के गावं निवडून प्रत्यक्ष पाहणी करायची. वेगळ्या गोष्टी वेगळ्याच ठेवून त्यांचं एकमत होतंय का हे तपासण्याची ही रीत मला पैसेवारीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

पण तिचं एकक तालुका आहे, गाव नव्हे. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि लगेच बाहेर राहिलेल्या भागांतून ओरड सुरू झाली. पुढच्याच महिन्यात सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झालेल्या १०२१ महसुली मंडळांना (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) दुष्काळसदृश ठरवून सवलती द्याव्या लागल्या. म्हणजे पीक, ओल, भूजल सगळं बाजूला आणि पुन्हा एकच गोष्ट मोजली, पाऊस. आणि तोही मंडळाला एक पर्जन्यमापक धरून, जेव्हा ओढ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस पलीकडे पडत नाही. गावाला स्वतःचा पर्जन्यमापक बसवता येतो. तो उघड्यावर, झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला मोजून नोंद वहीत करावी. ही वही, पीकवार कापणीच्या वजनांची वही आणि विहिरींच्या पातळीची वही, तिन्ही वेगवेगळ्या ठेवाव्यात. हरकतीच्या वेळी समितीपुढे तिन्ही मांडता येतात.